कुंडी जड, पान मलूल

ताई, सप्रेम नमस्कार.

३२ वर्षं डोंबिवलीत काढून गेल्या मार्गशीर्षात आम्ही दोघं गुहागरजवळच्या गावी कायमचे राहायला आलो. येताना चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतल्या ३६ कुंड्या टेंपोत घालून आणल्या. उन्हाळा पार पडला. पाऊस लागला आणि आषाढ संपता संपता एकेक झाड मान टाकू लागलं. पानं लोंबतात, हाताला मऊ लागतात, खालची पिवळी होऊन गळतात. पाणी कमी पडतंय असं वाटून मी सकाळी घालतो, ही संध्याकाळी दिवा लावताना घालते. नातवंडं आली होती, त्यांनीही हौसेने नळी धरली. पावसाचा मार नको म्हणून कुंड्या अंगणातून उचलून पडवीच्या कडेला ओळीने मांडल्या. दोन-दोन चमचे युरियाही दिला. फरक नाही. मनी प्लांट, जास्वंद, अनंत, पीस लिली, सगळ्यांची एकच तऱ्हा. तुळस तर काळी पडत चालली आहे. आईच्या तुळशीचं बी डोंबिवलीला नेलं होतं, त्याची ती तुळस. म्हणून जीव तुटतो. गणपतीला सगळं घर जमणार, त्यासाठी मे महिन्यात कुंड्यांना लाल ऑइलपेंट दिला, तेवढ्या कुंड्याच काय त्या झकास दिसताहेत. रोज किती पाणी घालू ते कळवा. सोबत तुळशीचा फोटो.

— परत आलेला चाकरमानी, तालुका गुहागर

भाऊ, नमस्कार.

किती पाणी घालू, याचं उत्तर आधी देऊन टाकते. आजपासून घालू नका. थेंबही नको. वहिनींना सांगा, नातवंडांना फोन करून सांगा. कुंडी एक आणि पाणके पाच झालेत तुमच्याकडे: तुम्ही, वहिनी, मुलं, पाऊस आणि पाचवी ती कौलांच्या कडेवरून गळणारी पागोळी. तिच्याकडे नंतर येते, कारण खरी गुन्हेगार तीच आहे असा माझा संशय आहे.

पान लुळं पडतं ते त्यातलं पाणी कमी झालं म्हणून, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण पानात पाणी नाही म्हणजे कुंडीत पाणी नाही, असं नव्हे. मधे मूळ आहे. विहीर काठोकाठ भरलेली, वर टाकी ठणठणीत कोरडी आणि मधला पंप जळलेला, अशी गत झाली आहे. तुम्ही दोघं निष्ठेने विहिरीत पाणी ओतताय.

पंप जळतो कसा, ते तुमच्या वडिलांनी एका शब्दात सांगितलं असतं: वाफसा. हा शब्द लहानपणी तुमच्या कानावरून गेलेला असणार. भात कापून झालं की त्याच मळ्यात कुळीथ नाहीतर पावटा टाकायचा असतो. ओल उडून जायच्या आत टाकायला हवा, पण रानात पाणी असेल तर माणूस थांबतो. बांधावर येतो, मूठभर माती उचलून दाबतो. बोटांतून पाणी निघालं तर परत घरी. मातीचा गोळा झाला आणि अंगठ्याने टोकरल्यावर भुसभुशीत फुटला, की म्हणतो, आला वाफसा. मातीच्या कणांना ओल धरलेली आहे आणि कणाकणांमधल्या फटीत हवा खेळते आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. मूळ पाणी पितं ओलीतून आणि श्वास घेतं त्या फटीतून. तुम्ही पाणी ओतलंत की फटीतली हवा बाहेर पडते. निचरा झाला की परत आत शिरते. ती शिरायच्या आत दुसरं पाणी आलं, मग तिसरं आलं, की मूळ गुदमरतं. प्राणवायू पाण्यातून सरकतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटीने हळू. म्हणजे वरून वारा कितीही सुटलेला असो, भिजक्या कुंडीच्या तळाशी त्यातलं काही पोचत नाही. गुदमरलेलं मूळ आपली पाण्याची दारं मिटून घेतं. काही झाडांत इथिलीन नावाचा वायू साठतो आणि त्याने पानाचा देठच खाली वळतो; टोमॅटोत हे फार ठळक दिसतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, तहानलंय बिचारं.

मग भात कसं जगतं गुडघाभर पाण्यात, असं तुम्ही विचाराल. मलाही एका शाळकरी मुलाने विचारलं होतं. भाताच्या चुडात आणि मुळात हवेच्या पोकळ नळ्या असतात, वरची हवा त्यातून खाली जाते. खाडीतल्या तिवराने दुसरी युक्ती केली आहे. ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन बघा, चिखलातून हजारो पेन्सिली उलट्या खोचल्यासारख्या वर आलेल्या असतात. ती त्याची श्वासाची मुळं. तुमच्या मनी प्लांटकडे आणि जास्वंदीकडे यातलं काहीच नाही. त्यांना वाफसाच हवा.

डोंबिवलीत हे का झालं नाही? वर स्लॅब होता, पाऊस कडेकडेने शिंपडून जायचा. चौथ्या मजल्यावरचा वारा कुंडी दिवसभरात सुकवायचा. रोज पाणी घालणं तिथे योग्यच होतं. त्या सवयीने ३६ झाडं जगवलीत तुम्ही, तिला नावं ठेवू नका. पण ती सवय डोंबिवलीची आहे. झाड मुळाने जेवढं पाणी उचलतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त ते पानांवाटे हवेत सोडून देतं, आणि त्या ओढीनेच खालचं पाणी वर चढतं. आषाढ-श्रावणात आपल्याकडे ऊन नाही आणि हवा ओलीकच्च. पडवीतल्या दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट लागतो आणि घडी केली की कुबट वास मारतो. टॉवेल वाळत नाही तिथे कुंडी काय वाळणार? मी नव्या माणसाला हेच माप सांगते. सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत तोवर कुंडीच्या वाटेला जायचं नाही.

आता पागोळी. तुम्ही कुंड्या पावसाच्या माऱ्यातून उचलून पडवीच्या कडेला मांडल्यात. हेतू चांगला होता, पण त्या आगीतून फुफाट्यात पडल्या. कौलांचा उतार आडव्या मापाने पाच मीटर धरा. एक सेंटिमीटर पाऊस पडला तर त्या उताराच्या कडेच्या प्रत्येक मीटरवर ५० लिटर पाणी उतरतं. जुलैत दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस आपल्याला नवा नाही. त्या दिवशी मीटरभर कडेखाली ५०० लिटर पाणी ओतलं जातं. तुमची कुंडी फूटभर रुंद असेल तर तिच्या वाट्याला दीडशे लिटर. अंगणात उघड्यावर असती तर त्याच कुंडीवर सात-आठ लिटर पडलं असतं.

हे मला आकडेमोड करून कळलं असं समजू नका. रोपवाटिका सुरू केली त्या दुसऱ्याच पावसाळ्यात मी अनंताची ६० रोपं पिशव्यांतून पडवीच्या काठाला लावून ठेवली होती. वर छप्पर आहे म्हणून निर्धास्त. माहेरी पाच दिवस गेले होते, तेवढ्यात मोठा पाऊस लागला. परत आले तर पिशव्यांतली वरची माती पागोळ्यांनी खणून काढलेली, गोल गोल खळगे पडलेले, आणि पानं तेलकट काळपट. सासूबाई म्हणाल्या, तुझी रोपं न्हाऊन न्हाऊन मेली. ६० पैकी सात वाचली, तीही पागोळीच्या दोन कौलांमधल्या जागेत होती म्हणून.

तर पहिलं काम आजच करा. कुंड्या भिंतीकडे हात-दीड हात आत सरकवा, जिथे झडसुद्धा येत नाही पण उजेड येतो. खालच्या ताटल्या काढून टाका. ताटलीत साठलेलं पाणी म्हणजे झाडाचे पाय बादलीत. प्रत्येक कुंडी दोन चिपांवर ठेवा, चिरा फोडताना पडतात त्या चालतील, म्हणजे खालचं भोक जमिनीला चिकटणार नाही. भोक आहे ना? हसू नका. विकत आणलेल्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना भोकाची फक्त खूण असते, ती फोडायची राहून जाते. मातीच्या कुंडीचं भोकही रंगाने बुजलेलं असू शकतं, तेही बघा. खिळा तापवून भोसका.

मग खराट्यातून एक हीर उपसा. कुंडीच्या कडेकडेने, मुळं न दुखावता, तळापर्यंत सावकाश खोचा आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या. बाहेर काढून बघा, आणि वास घ्या. हिराची खालची चार बोटं लांबी चिखलाने माखलेली आणि वास आंबूस किंवा कुजक्या अंड्यासारखा, तर मुळं कुजायला लागली आहेत. नुसती ओल आणि वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा, तर मुळं शाबूत आहेत, नुसतं थांबायचं. कोरडा ठक्क बाहेर आला, तर पाणी. पावसाळ्यात कोरडा यायला तीन-तीन आठवडे लागतात, घाबरू नका. कंबर धड असेल तर कुंडी किंचित कलती करून बघायचीही सवय लावा. भिजलेली आणि सुकलेली यांच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला कळू लागतो, मग हिराचीही गरज उरत नाही.

तहानेने मलूल झालेलं पान वेगळं असतं बरं का. ते पातळ, कागदासारखं, कडा करकरीत. माती कुंडीच्या भिंतीपासून सुटलेली, कुंडी हलकी. पाणी घातलं की तासा-दोन तासांत ते उभं राहतं. बुडून मलूल झालेलं पान जड, मऊ, शिजवल्यासारखं; खालची पानं आधी पिवळी, मातीवर हिरवं शेवाळ, कुंडीभोवती बारीक चिलटं. पीस लिली दोन्ही कारणांनी अगदी सारखीच लोळण घेते, ती नाटकी आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नका, हिरावर ठेवा.

ज्या कुंड्यांना कुजका वास येतो त्या उपसाव्या लागतील. तळहात मातीवर, बुंधा बोटांच्या बेचक्यात, कुंडी उलटी करून कडेला एक टपली. मुळांचा गड्डा हातात येईल. जिवंत मूळ पांढरं किंवा मलईच्या रंगाचं, दाबलं तर कडक. मेलेलं मूळ तपकिरी नाहीतर काळं, आणि चिमटीत धरून ओढलं तर वरची साल शेवग्याच्या शेंगेतला गर दातांनी ओढल्यासारखी निसटते, हातात नुसता दोरा राहतो. दोरा राहिला ते सगळं कापायचं. कात्री उकळत्या पाण्यातून काढून घ्या, आणि एका झाडाची दुसऱ्याला लावण्याआधी परत. कुजवणारा जीव बहुतेकदा पिथियम नाहीतर फायटोफ्थोरा, म्हणजे सुपारीच्या शिंपुटांवर, घडांवर, कोळेरोग आणणाऱ्याचे भाऊबंद. यांच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते साठल्या पाण्यात चक्क पोहत जातात. तुमच्या ओळीत एका कुंडीचं पाणी दुसरीच्या ताटलीत वाहत असेल तर त्यांची ने-आण तुम्हीच करताय. सुपारीवाले कोळेरोगाला बोर्डो मिश्रण फवारतात हे ठाऊक आहे, म्हणून कुणी ते कुंडीत ओतायला सांगितलं तर ओतू नका. पाणी न थांबवता औषध ओतणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पावसात उभं करून गोळी देणं. ट्रायकोडर्मा, म्हणजे झाडाच्या कामाची बुरशी, कृषी सेवा केंद्रात मिळतं. ते कुजलेल्या शेणखतात मिसळून नव्या मातीत घाला, पण त्याचं काम राखणदाराचं. मेलेलं मूळ ते जिवंत करत नाही.

जेवढी मुळं गेली तेवढा वरचा भारही उतरवा. अर्धी मुळं कापलीत तर पानंही निम्मी काढा, जीव तुटला तरी. मग गड्डा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रभर ठेवा, कागद जास्तीची ओल ओढून घेतो. सकाळी नव्या मातीत, आणि शक्यतो आधीपेक्षा लहान कुंडीत. बरं वाटावं म्हणून मोठ्या कुंडीत लावायचा मोह होतो, तो आवरा. मुळं पोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते. लावल्यावर एकदा खालून निथळेपर्यंत पाणी, मग नवी पालवी दिसेपर्यंत हीर सांगेल तेवढंच. खत नाही.

युरियाबद्दल रागावते आहे असं समजा. पानं पडली की खत, ही आपल्याकडे फार पसरलेली समजूत. आजारी माणसाला कोणी बासुंदी पाजतं का? कुजक्या मुळांना खताचं मीठ आणखी पोळतं आणि आत राहिलेलं पाणीही उलट बाहेर ओढून घेतं. ज्या कुंड्या उपसणार नाही आहात त्यातल्या युरियाची चिंता मात्र सोडा. पागोळ्यांनी तो एव्हाना अंगणात नेला असेल.

माती कशी करायची ते सांगते, पण त्याआधी एका जुन्या सवयीची कबुली. कुंडीच्या तळाशी खापऱ्या आणि चिऱ्याचे तुकडे चार बोटं भरायचे, म्हणजे निचरा होतो, हे मी स्वतः कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले. ते चूक आहे. भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, आयताकृती. बादलीत बुडवून हातावर आडवा धरा, सगळं पाणी ठिबकून थांबू द्या. थांबल्यावर तोच स्पंज उभा करा. परत धार लागेल. आडव्या स्पंजात जे पाणी अडकून बसलं होतं ते उंची वाढताच सुटलं. कुंडीतली मातीही तशीच. तिच्या तळाशी काही बोटांचा थर नेहमी भिजलेला राहतो, पाणी तिथून खाली उतरत नाही. तुम्ही खाली खापऱ्या भरल्यात की तो भिजका थर त्या खापऱ्यांवर चढून बसतो, मुळांच्या आणखी जवळ. बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहज उतरत नाही, माती आधी पूर्ण तुंबावी लागते. म्हणून भोकावर माती वाहून जाऊ नये इतकीच एक खापरी, बाकी कुंडी वरपासून खालपर्यंत एकाच भरड मिश्रणाने भरायची. आणि उथळ, पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी पावसाळ्यात बरी.

मिश्रण आपल्या गावातच मिळतं. दोन भाग लाल माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भातगिरणीतलं तूस. चिरेखाणीवर जांभ्याचे हरभऱ्याएवढे खडे चाळून मिळाले तर वाळूऐवजी तेही उत्तम. भुकटी मात्र चाळून टाकून द्या, ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते. गुहागरला समुद्र दाराशी म्हणून पुळणीची वाळू आणाल, ती अजिबात नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुना. अनंताला आंबट माती लागते, चुन्याने त्याची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. काथ्याचा भुसा आपल्याकडे फुकट मिळतो, पण तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो आणि नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर त्याच्यात मीठही येतं. पावसाळी कुंडीत मी तो घालत नाही. मार्चमध्ये थोडा, चार पाण्यांनी धुऊन.

नर्सरीतून आणलेलं झाड लावताना गड्डा जरा चाचपून बघा. पुष्कळदा तो चिकट मातीचा लाडू असतो, गाडीत फुटू नये म्हणून वळलेला. बाहेर तुमची माती भुसभुशीत आणि आत हा लाडू, मग पाणी घातलं की लाडू आठवडाभर ओला आणि भोवती कोरडं. बादलीत बुडवून निम्मी माती सोडवून घ्या.

ऑइलपेंट. मातीची कुंडी ज्या अंगाने श्वास घेते ते अंग तुम्ही बुजवलंत. एरवी मी म्हटलं असतं, गेरू लावायचा होता, तो सच्छिद्र राहतो आणि दिसतोही देखणा. पण श्रावणातल्या हवेत कोऱ्या कुंडीच्या भिंतीतूनही फार काही उडून जात नाही, तेव्हा गणपतीच्या तोंडावर खरवडत बसू नका. गौरी जाऊ देत. ऑक्टोबरात नव्या कुंड्या घ्याल तेव्हा गेरू.

स्नेक प्लांटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ३६ कुंड्यांत एखादा असणारच. त्याला दसऱ्यापर्यंत पाणी नाही. बुडाशी मऊ झाला असेल तर वरचा कडक भाग कापून बोटभर तुकडे करा, दोन-तीन दिवस सावलीत कोरडे होऊ द्या आणि वाळूत उभे खोचा. खालची बाजू खालीच राहू द्या, उलटा तुकडा मूळ धरत नाही.

जास्वंद आणि मनी प्लांटच्या बाबतीत तर उपसाउपशी करण्याआधीच चार-चार फाटे कापून ठेवा. श्रावणात काडी खोचली की रुजते, असा आपला मुलूख. कुंडीतलं मूळ झाड वाचलं तर दोन झाडं होतील, नाही वाचलं तर एक तरी राहील. गणपतीला येणाऱ्या भावजयांना देता येतील, त्या मागणारच आहेत.

एक भीती मला वेगळीच आहे. माझं हे सगळं वाचून तुम्ही पाण्याला इतके बिचकाल की ऑक्टोबरात झाडं खरोखर तहानेने माराल. पाऊस गेला की आठ दिवसांत ऊन चटका देऊ लागतं, आणि पावसाळाभर वरवर मुळं धरून बसलेली कुंडी दुपारी भाजते. तेव्हा हीर रोज खोचा. एप्रिल-मे महिन्यात समुद्रावरच्या वाऱ्याने लहान कुंडीला दोन वेळाही पाणी लागेल, तेव्हा माझं आजचं वाक्य काढून भांडू नका. दुपारी दोन वाजता पान पडलेलं दिसलं तर लगेच धावू नका, संध्याकाळी बघा. उन्हाने पडलेलं पान ऊन उतरल्यावर आपोआप उठतं. संध्याकाळीही पडलेलं असेल तर हीर. आणि घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत घाला. रोज वाटीभर, हा प्रकार सगळ्यात वाईट, वर चिखल आणि खाली कोरडं. जास्त पाणी म्हणजे एका वेळी जास्त घातलेलं नव्हे, फार लवकर परत घातलेलं.

उन्हाळ्यात तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं का, तेही शेजाऱ्यांना विचारून ठेवा. खाडीकाठच्या पुष्कळ विहिरी मे महिन्यात खारट होतात. मचूळ पाण्याने कुंडीत मीठ साठतं, पानांची टोकं जळतात, आणि माती ओली असूनही झाड मलूल दिसतं, अगदी आत्तासारखंच. पाऊस ते मीठ धुऊन नेतो, तेवढा उपकार तुमच्या पागोळ्यांनी केला असेल.

आता तुळस. ती मुद्दाम शेवटी ठेवली. वहिनींना पाणी घालू नका म्हणून सांगणं सोपं नाही, मला कळतं. आंघोळीनंतर तुळशीला पाणी घातल्याशिवाय माझ्याही घशाखाली चहा उतरत नाही. मी पावसाळ्यात पंचपात्रीतलं पळीभर पाणी घालते. पळीत मावतं ते तुळशीचं, तांब्यातलं उरलेलं माडाच्या बुंध्याशी. माडाला हरकत नसते. तुळशीला मंजिऱ्या धरल्या असतील तर खुडा, बी धरलं की ती थकते, पण थोड्या पक्व झालेल्या वाळवून डबीत ठेवा. तुमच्या आईंचंच बी आहे ते. आणि ती कुंडीत आहे की बांधलेल्या वृंदावनात, हे तुम्ही लिहिलं नाहीत. वृंदावनात असेल तर बुडाशी बाजूने पाणी निघायला वाट आहे का बघा. सिमेंटच्या तयार वृंदावनांना पुष्कळदा नसते, ती नुसती रंगीत हौद असतात. गवंड्याकडून ड्रिलने एक भोक पाडून घ्या, बोटभर.

फोटो धूसर आला आहे. बुंध्याचा, मातीलगतचा, सकाळच्या उजेडात परत काढून पाठवा. काळेपणा नुसता पानांवर आणि शेंड्यांवर असेल तर आशा आहे. नखाने बुंध्याची साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर आत सरकवून ठेवा आणि वाट बघा. तपकिरी दिसलं तर वर जिथे हिरवं लागतं तिथून चार शेंडे बोट-दीड बोट लांब कापा, खालची पानं काढा, आणि काचेच्या पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. आठ ते पंधरा दिवसांत पांढरी मुळं सुटतात. फोटोची वाट न बघता शेंडे आजच कापून ठेवलेत तरी चालेल.